पसारा कुणाचा, घर कुणाचं?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका महिला मंडळाने घर सुटसुटीत, सोयीचं आणि देखणं कसं ठेवावं, या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. आमंत्रण ओळखीतून आलं, म्हणून मीही गेले. व्याख्यात्या बाई छान बोलल्या. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू काढून टाका. ओटा रिकामा ठेवा. माळ्यावरचं ओझं हे मनावरचं ओझं असतं. घर मोकळं तर मन मोकळं. समोर बसलेल्या पन्नास-साठ जणी वहीत भराभर उतरवून घेत होत्या.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या असतील. म्हणाल्या, "ताई, तुमचं म्हणणं पटतं. पण आमच्याकडे माळ्यावरची भांडी सासूबाईंची, कपाटातल्या फायली ह्यांच्या, गॅलरीतली सायकल मुलाची आणि पलंगातल्या गाद्या पाहुण्यांच्या. माझं म्हणून जे आहे ते एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. मी टाकू काय?"

सगळ्या हसल्या. व्याख्यात्या बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "मग ट्रंकेपासूनच सुरुवात करा!"

टाळ्या पडल्या. त्या बाई खाली बसल्या. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण त्यांनी विनोद केला नव्हता. त्यांनी घरातल्या मालकीचा अख्खा नकाशा चार वाक्यांत मांडला होता, आणि उत्तर काय मिळालं? तर त्या नकाशात जो एवढासा कोपरा तुझा आहे, तेवढा आधी रिकामा कर.

आधीच सांगते, साधेपणाशी माझं भांडण नाही. कमी वस्तूंत राहावं, घरात वावरताना ठेचा लागू नयेत, हवा-उजेड यावा, हे कुणाला नको आहे? चळवळीत आलेल्या आपल्यातल्या अनेकींनी साधी राहणी विचारपूर्वक स्वीकारली. माझं भांडण आहे ते साधेपणाचा उपदेश नेहमी बाईलाच का केला जातो याच्याशी. आणि त्या उपदेशात 'वस्तू कुणाची' हा प्रश्न कधीच का येत नाही, याच्याशी.

बाईला वस्तू, पुरुषाला घर

आपल्याकडे लग्न ठरतं तेव्हा 'याद्या' होतात. दोन्हीकडची पुरुष मंडळी सतरंजीवर बसतात. मानपान, कपडेलत्ते, भांडी, दागिने, जेवणावळ कुणी करायची, सगळं कागदावर येतं. जिच्या संसाराची ती यादी असते ती आत चहाच्या कपबशा भरत असते. मग रुखवत मांडलं जातं. घागरी, डबे, ताटं, पातेली, शिवाय तिनेच वर्षभर खपून केलेले रुमाल आणि तोरणं. आहेरात स्टीलची भांडी येतात. त्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. त्या भांड्यांसह मुलगी सासरी जाते. आता भांड्यांच्या जागी मिक्सर, कपाट आणि वॉशिंग मशीन आलं असेल, पण रीत तीच आहे.

त्याच मुलीच्या माहेरी पुढे वडील वारतात. मग भाऊ तिला तलाठ्याकडे नेतो आणि ती हक्कसोडपत्रावर सही करते. भावाशी नातं तुटू नये, दिवाळीला माहेरचं दार उघडं राहावं, म्हणून करते. त्या बदल्यात तिला साडीचोळी होते. ती साडी ती ट्रंकेत जपून ठेवते. ती नेसण्यासाठी नसतेच.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या वाट्याला जे आलं ते हलवता येणारं आलं: भांडी, कपडे, दागिने. जे जागचं हलत नाही, म्हणजे जमीन आणि घर, ते पुरुषांकडे राहिलं. हा योगायोग नव्हे. कायद्यानेही बराच काळ हेच केलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला खरा. पण कलम २३ नुसार राहत्या घराची वाटणी ती मागू शकत नव्हती, भाऊ वाटणी करायचं ठरवतील तेव्हाच तिचा वाटा वेगळा व्हायचा. लग्न झालेल्या, नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या मुलीला तर त्या घरात राहण्याचाही हक्क नव्हता. हे कलम रद्द व्हायला २००५ साल उजाडावं लागलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. कायदा बदलला, पण हक्कसोडपत्रं थांबली नाहीत.

म्हणून बाईच्या ट्रंकेकडे, तिच्या डब्यांकडे, तिच्या न वापरलेल्या पातेल्यांच्या उतरंडीकडे 'अडगळ' म्हणून पाहण्याआधी जरा थांबायला हवं. ती तिची इस्टेट आहे. घराच्या कागदावर नाव नसलेल्या बाईचं नाव त्या घरात कुठे लिहिलेलं असेल, तर ते एखाद्या पातेल्याच्या काठावर. तेही बहुधा लग्नात बदललेलं नाव.

पसारा येतो कुठून आणि आवरतं कोण

घरात वस्तू साठतात त्याला बाईच जबाबदार, असं सरसकट मानलं जातं. 'बायकांना काही टाकवत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. जरा हिशोब करू. सेलमध्ये मोठा टीव्ही हप्त्याने कुणी घेतला? बंद पडलेले मोबाइल आणि वायरींचा खोका कुणाचा? 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले नळाचे तुकडे, खिळे, रंगाचे डबे कुणाचे? समारंभात मिळालेल्या ट्रॉफ्या आणि सन्मानचिन्हं पुसून परत मांडायचं काम कुणाचं?

बायकांमुळे येणाऱ्या वस्तूही आहेत, ते नाकारायचं कारण नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण पाहा. एकेका घरी प्लॅस्टिकच्या पंधरा-वीस डब्या, चाळण्या, वाट्या, साबणदाण्या जमतात. पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्या दुसरीला लुटल्या जातात. ज्या समारंभात विधवेला, टाकलेल्या बाईला बोलावणं नाही, तो समारंभ आपण वर्षानुवर्षं प्लॅस्टिकने साजरा करतो. अनेक महिला गटांनी सगळ्याजणींना बोलावून हळदीकुंकू करायला सुरुवात केली, पुस्तकं आणि रोपं वाटली. हा आपल्या हातातला बदल आहे आणि तो आपण केला पाहिजे. पण हे सोडलं तर वस्तू आणण्याचे मोठे निर्णय बाईचे नसतात. वस्तू पुसण्याचे, उचलण्याचे, झाकण्याचे मात्र सगळे तिचे असतात.

सरकारचीच आकडेवारी घ्या. देशातल्या लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी २०१९ मध्ये झाली. घरातल्यांसाठीची बिनमोबदला घरकामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटं होता, तोही फक्त ही कामं करणाऱ्या पुरुषांचा. आणि तसे पुरुष शंभरात २६ होते. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ झाली, पुरुषांची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली. पुरुषांची मिनिटं वाढली म्हणून ती वाचली असं म्हणावं, तर पुरुषांचीही कमीच झाली!

घर आवरणं हे असं न मोजलेलं, न दिसणारं काम आहे. ते केलं तर दिसत नाही, नाही केलं तर लगेच दिसतं. आता त्यात भर पडली आहे ती घर 'सुटसुटीत' करण्याच्या कामाची. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, ठेवायची की टाकायची ठरवायचं, कुणाला द्यायची ते शोधायचं, नवऱ्याची नाराजी आणि सासूबाईंचा रुसवा काढायचा. हे श्रमच आहेत. शिवाय ज्या घरात पुसण्या-आवरण्याचं काम घरकामगार बाई करते, तिथे शोकेसमधल्या प्रत्येक हत्तीचा आणि प्रत्येक फुलदाणीचा हिशोब तिच्या पाठीवर असतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण कामाला लावताना 'शोकेस रोज पुसायचं' हे पगाराच्या बोलीत किती घरांत असतं? आपण वस्तू कमी केल्या तर तिचंही काम कमी होईल हे खरं. मात्र काम कमी झालं म्हणून तिचा पगार कापायला निघणाऱ्या घरांचा साधेपणा मला नको आहे.

सोय कुणाची?

सुटसुटीत घराची कल्पना नवी नाही आणि तिच्यामागे चांगले हेतूही होते. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशास्त्रज्ञ बाईने १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या सार्वजनिक घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. बाईला किती पावलं चालावी लागतात, कुठे वाकावं लागतं, काय हाताशी हवं, याचा शास्त्रशुद्ध विचार तिने केला. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आज शहरी घरांत दिसणारा आखीव ओटा आणि त्याखालचे कप्पे यांचं मूळ तिथे आहे. कामकरी बाईचा वेळ वाचावा हा तिचा हेतू होता. पण ते स्वयंपाकघर एवढं अरुंद होतं की त्यात एकाच माणसाने काम करावं. ते एक माणूस कोण असणार हे कुणी लिहून ठेवायची गरज नव्हती. दुसऱ्याने मदतीला यायचं ठरवलं तरी उभं राहायला जागा नव्हती. पावलं वाचली. ती कुणाची पावलं आहेत, हा प्रश्न तसाच राहिला.

यंत्रांचंही तेच झालं. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की घरात यंत्रं आली तरी घरच्या बाईचं काम कमी झालं नाही. स्वच्छतेची पट्टी वर गेली आणि पूर्वी इतरांनी उचललेली कामंही तिच्याकडे आली. आपल्या घरी पाहा. पाट्याची जागा मिक्सरने घेतली, लगेच रोज ताजी चटणी हवी झाली.

आणि अलीकडचं उदाहरण. जपानच्या मारी कोंडो यांचं घर आवरण्याविषयीचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभर खपलं. २०१९ मध्ये त्यांची टीव्ही मालिका आली. वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, नाही तर आभार मानून निरोप द्या, हा त्यांचा नियम. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं की तिसरं मूल झाल्यानंतर घर नीटनेटकं ठेवण्याचा हट्ट आपण बराचसा सोडून दिला आहे. अनेकांनी त्यांची चेष्टा केली. मला त्यांचं कौतुक वाटलं. तीन मुलांच्या घरात जगप्रसिद्ध आवरणारीलाही आवरता येत नाही, तर त्यात तिचा दोष नाही. दोष आहे तो हे काम एकटीने पेलायचं असतं, असं सांगणाऱ्या समजुतीचा.

साधेपणाचा निर्णय

साधेपणाचं नाव निघालं की आपल्याकडे गांधीजींचं उदाहरण दिलं जातं. तेच उदाहरण मी घेते, कारण त्यांनी स्वतः ते लपवलेलं नाही. १९०१ साली ते दक्षिण आफ्रिकेतून भारतात परत यायला निघाले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना सोन्या-चांदीच्या आणि हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींना रात्रभर झोप लागली नाही. सार्वजनिक सेवेचा मोबदला घ्यायचा नाही, हे सगळं लोककार्याच्या विश्वस्त निधीत द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. मग आधी मुलांना पटवलं आणि नंतर कस्तुरबांकडे गेले.

कस्तुरबांनी सहजासहजी मान्य केलं नाही. तुम्हाला नको असेल, मुलांनाही तुम्ही आपल्या बाजूला वळवलंत, पण उद्या सुना येतील त्यांचं काय, असं त्यांनी विचारलं. माझे दागिने तर तुम्ही आधीच उतरवलेत, हेही सुनावलं. हार तुझ्या सेवेसाठी मिळाला की माझ्या, असा गांधीजींचा प्रतिप्रश्न आला. त्यावर कस्तुरबांनी जे उत्तर दिलं त्याचा आशय असा होता: तुमची सेवा ती माझीही सेवाच झाली. तुम्ही कुणालाही घरी आणलंत आणि मी रडत-रडत त्यांचं सगळं रात्रंदिवस केलं, ती सेवा नव्हती का? गांधीजींनी आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहिलं आहे की हे बोल त्यांना लागले. पण त्यांचा निश्चय ठरलेला होता आणि कशीबशी त्यांनी संमती मिळवली. पुढे पत्नीलाही त्यातलं शहाणपण पटलं, असंही त्यांनी नोंदवलं आहे.

निधी लोकांच्या कामी आला, गांधीजींचा हेतू स्वच्छ होता, याबद्दल वाद नाही. पण आपण हे प्रकरण कस्तुरबांच्या बाजूने कधी वाचतो का? घरकाम ही सेवा आहे आणि तिच्यावर माझाही हक्क आहे, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून सांगितलं होतं. आणि त्यांना सुनांची काळजी का पडली? कारण येणाऱ्या सुनेच्या हातात घराचा कागद असणार नाही, असलाच तर दागिना असेल, हे त्यांना माहीत होतं.

साधेपणा निवडला तर तो मूल्य असतो. दुसऱ्याने आपल्यासाठी ठरवला तर तो काढून घेणं असतं. या दोन्हींतला फरक आपण पुसू देता कामा नये.

टाकलेला कागद

सल्ला केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना पुढची गोष्ट नवी नाही. मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई बहुतेक वेळा एका प्लॅस्टिकच्या पिशवीसह येते. पिशवीत मुलाचे दोन कपडे आणि असलाच तर दवाखान्याचा कागद. काही दिवसांनी ती म्हणते, माझी भांडी आणायची आहेत. मग आपण तिच्याबरोबर जातो, पोलीस ठाण्यात अर्ज देतो, यादी करतो. ताटं सहा, वाट्या बारा, हंडा एक. यादी वाचताना ठाण्यातला शिपाई हसतो. कोर्टात वकीलही हसतात की बघा, चमचे मोजतायत. मी स्वतःही सुरुवातीच्या काळात वैतागून एका बाईला म्हटलं होतं, "अहो, जाऊ द्या ना ती भांडी! नवीन घेऊ." ती शांतपणे म्हणाली, "ताई, घर त्याचं, पोरांना नाव त्याचं. मग मी बारा वर्षं होते कुठे?" त्यानंतर मी कुणाची यादी वाचताना घाई केली नाही.

तिच्याकडे लग्नातले फोटो नव्हते, सोनाराची पावती नव्हती. एका दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याने जुन्या कागदांची पिशवी रद्दीत घातली होती. 'काय हा पसारा साठवतेस' म्हणून. मुद्दाम केलं की सहज, कोण सांगणार? परिणाम एकच.

मैत्रिणींनो, कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, तो आधार पुसला जाऊ देऊ नका. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केलं की स्त्रीधनावर पूर्ण मालकी बाईचीच आहे. नवरा आणि सासरचे ते फक्त सांभाळायला ठेवलेले आहेत, आणि परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. त्याच वर्षी हुंडाबंदी कायद्याखाली नियम आले. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, वधू-वरांनी सही करायची. याद्या करण्यात एवढे पटाईत असलेले आपले वडीलधारे ही एक यादी मात्र करत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीधन परत करण्याचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना दिला. घर कुणाच्याही नावावर असलं तरी बाईला त्या सामायिक घरात राहण्याचा हक्कही दिला.

तेव्हा घर आवरताना काहीही टाका, पण लग्नाचे फोटो, सोनाराच्या पावत्या, हप्त्यांच्या नोंदी, दवाखान्याचे कागद, मुलांचे दाखले आणि बँकेची जुनी पुस्तकं टाकू नका. वर्षभरात त्यांना हात लागला नसेल. न लागो. पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तोच एक आधार असतो.

अडगळ आणि गरिबी

आणखी एक गोष्ट. 'लागलं तर परत आणू' असं ज्याला म्हणता येतं त्यालाच वस्तू सहज टाकता येते. वस्तीत राहणाऱ्या बाईला ते परवडत नाही. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर पूर्वी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, पुढे ३००. तिथे पाण्याची पिंपं असतात, कारण नळाला पाणी थोडाच वेळ येतं. पावसाळ्याची बेगमी असते, कारण तेव्हा काम मिळेलच असं नाही. जुन्या लुगड्यांचं गाठोडं असतं, कारण त्याची गोधडी होणार असते. हा पसारा नसून विमा आहे. त्या घरांना रिकाम्या ओट्याचं सौंदर्य शिकवण्याआधी चोवीस तास पाणी आणि राहायला पुरेशी जागा मागायला हवी.

आणि आपण टाकतो ते जातं कुठे? पूर्वी दारावर बोहारीण यायची. जुन्या कपड्यांवर एक पातेलं मिळवण्यासाठी आपण तिच्याशी तासभर हुज्जत घालायचो. आता बोहारीण कमी दिसते, पिशवी सरळ कचऱ्यात जाते. तिथून पुढचं काम पुन्हा बायकाच करतात. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, त्यातून पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. या संघटनांत मोठी संख्या दलित बायकांची आहे. एका बाईचं घर सुटसुटीत होतं तेव्हा दुसरीच्या डोक्यावरचं ओझं वाढतं. म्हणून फुटकी काच गुंडाळून, ओलं-सुकं वेगळं करून, वापरण्याजोगं स्वच्छ धुऊन द्यायचं. आपल्या मनःशांतीची किंमत तिच्या हाताला पडलेल्या चिरेत मोजली जाऊ नये, एवढं तरी आपण बघू शकतो.

मग करायचं काय?

घर सुटसुटीत करायचंच, पण आपल्या अटींवर. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करून पाहावं असं मी सुचवते. प्रत्येकीने वहीत आपल्या घराची यादी करावी. चार रकाने पाडावेत. पहिल्यात वस्तू. दुसऱ्यात, ती आणायचं कुणी ठरवलं. तिसऱ्यात, ती पुसतं-उचलतं-सांभाळतं कोण. चौथ्यात, कायद्याने ती कुणाची. यादीत पहिलं नाव घराचंच लिहावं, मग शेत असेल तर शेत, मग गाडी, आणि डबे-पातेली सर्वात शेवटी. आमच्या गटात आम्ही हे केलं. तिसऱ्या रकान्यात सगळ्यांकडे एकच उत्तर होतं आणि चौथ्या रकान्यात सुरुवातीच्या ओळींना ते कुठेच नव्हतं. त्यानंतर 'बायकांना काही टाकवत नाही' हे वाक्य कुणी उच्चारलं नाही.

यादी हातात आली की मागण्या आपोआप सुचतात. जी वस्तू ज्याने आणली त्यानेच ती पुसावी आणि ठेवायची की टाकायची याचं उत्तरही त्यानेच शोधावं. दिवाळीची साफसफाई घरातल्या प्रत्येक हाताने करावी. आणि मुख्य मागणी घराच्या कागदाची. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत गरीब कुटुंबांचं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं अशी अट आली. घर बाईच्या नावे घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत एप्रिल २०२१ पासून मिळू लागली. वाट आहे, तिच्यावर चालायला कुटुंबाला भाग पाडणं आपलं काम आहे. माहेरचं हक्कसोडपत्र समोर आलं तर सही करण्याआधी गटात येऊन बोला. साडीचोळीने ट्रंक भरते, डोक्यावर छप्पर येत नाही.

आणि घरात एक जागा मागू या. खोलीच हवी असं नाही. एक खण, एक टेबल, खिडकीजवळची दीड फूट जागा. जिथे आपली वही ठेवलेली आपल्याशिवाय कुणी उचलणार नाही. देखण्या घराची माझी कल्पना तिथून सुरू होते. ज्या घरात बाईला दुपारी पाय पसरून बसता येतं आणि त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, ते घर निवांत. त्या घराचा ओटा रिकामा आहे की भरलेला, हे मग तिचं ती बघेल.

त्या व्याख्यानानंतर ट्रंकवाल्या बाई मला जिन्यात भेटल्या. ट्रंकेत काय आहे, मी विचारलं. म्हणाल्या, "आईचं एक लुगडं आहे. माझं मॅट्रिकचं प्रमाणपत्र आहे, लग्नाआधीच्या नावाचं. आणि भावाने सही घेतली त्या कागदाची झेरॉक्स."

"ट्रंक टाकू नका," मी म्हटलं. "झेरॉक्स घेऊन गुरुवारी केंद्रात या."

त्या आल्या. आता आम्ही सातबारा काढायला दिला आहे.